पराभवानंतरची उभारी : खेळाडूच्या मनाचा एक अभ्यास



या व्याख्यानमालेचे यंदाचे पुष्प गुंफण्यासाठी संस्थेने मला पाचारण केले, याबद्दल मी ऋणी आहे. ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी वर्गातील फळ्याइतकेच महत्त्व शाळेच्या मैदानाला दिले. त्यांच्या स्मृतीला वंदन करताना विषयही मैदानावरचा असावा, असे मला वाटले. मी मानसशास्त्राचा अध्यापक आहे आणि महाविद्यालयीन खेळाडूंच्या सहवासात माझी बरीच वर्षे गेली आहेत. जिंकलेल्या खेळाडूविषयी बोलायला सारे गाव असते. हरलेल्या खेळाडूचे मन मात्र सहसा कोणी उलगडून पाहत नाही. आज आपण तेच करणार आहोत.

बेळगावच्या श्रोत्यांपुढे कुस्तीचे दाखले देणे हे थोडे धाडसच आहे. आनंदवाडीच्या आखाड्यात ज्यांनी अंगाला माती लागलेली माणसे जवळून पाहिली, त्यांना चितपट होणे म्हणजे काय हे पुस्तकातून सांगण्याची गरज नाही. पण पाठ मातीला लागल्यानंतर मल्लाच्या मनात काय घडते, एक मल्ल पुढच्या हंगामात दुप्पट ताकदीने उतरतो आणि दुसरा लंगोट खुंटीला टांगतो असे का होते, याचा शास्त्रीय विचार गेल्या काही दशकांत बराच पुढे गेला आहे. तो आपल्यापुढे ठेवावा आणि त्यातून शाळेने व पालकांनी काय घ्यावे हे सांगावे, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

१. शब्दाचा अर्थ

आपल्या भाषेत मनाच्या बळकटीसाठी अनेक शब्द आहेत आणि त्यांच्या छटा निरनिराळ्या आहेत. कणखर माणूस आघात झेलतो आणि हलत नाही. चिवट माणूस सोडत नाही. निगरगट्ट माणसाला आघात जाणवतच नाही. कोडग्याला तर लाजही वाटत नाही. आपण ज्या गुणाचा विचार करणार आहोत तो यांपैकी एकाही शब्दात पुरता मावत नाही. मला त्यासाठी ‘उभारी’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो. उभारी धरणारा माणूस आधी खाली बसलेला असतो, हे त्या शब्दातच गृहीत आहे.

अभ्यासकांनी या गुणाला ‘मानसिक लवचिकता’ असे म्हटले आहे. हा शब्द पदार्थविज्ञानातून आला. ताण दिल्यावर वाकणारा आणि ताण काढताच मूळ आकारात येणारा पदार्थ तो लवचिक. परंतु माणूस म्हणजे पोलादी पट्टी नव्हे. मोठ्या पराभवानंतर तो होता तसाच परत येत नाही. काही गमावतो, काही कमावतो आणि थोडा वेगळा होऊन उभा राहतो. म्हणून व्याख्या अशी करता येईल : ताणाखाली आपली कार्यक्षमता टिकविणे आणि ती ढासळलीच तर वाजवी काळात ती पुन्हा मिळविणे. यात टिकणे आणि सावरणे अशी दोन अंगे आहेत. आपण पहिल्याचे पोवाडे गातो आणि दुसऱ्याकडे दुर्लक्ष करतो. खेळात तर सावरण्याचेच प्रसंग अधिक येतात, कारण कोणत्याही स्पर्धेत विजेता एक असतो आणि बाकी सारे हरतात.

२. दोन ऑलिंपिक, एक मल्ल

या गुणाचे उदाहरण शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही. कराडजवळच्या गोळेश्वर गावी १९२६ साली जन्मलेले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात उतरले. आयुष्यभर लाल मातीत कुस्ती खेळलेला हा तरुण तेथे प्रथमच गादीवरची आंतरराष्ट्रीय कुस्ती खेळत होता. मातीत पाय रुततो, गादीवर तो सरकतो. मातीत कुस्ती चितपट होईपर्यंत चालते, तेथे गुणांचा हिशेब चालतो. अशा परक्या परिस्थितीत त्यांनी सहावा क्रमांक मिळविला.

सहाव्या क्रमांकाला पदक नसते. परंतु खाशाबांनी त्या क्रमांकाचे जे केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी पुढची चार वर्षे नव्या पद्धतीच्या तयारीत घालविली आणि ते वरच्या, म्हणजे बँटमवेट गटात उतरले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकपूर्वी निवडीच्या वेळी आपल्याला एका गुणाने डावलले गेले, अशी त्यांची तक्रार होती. ते रुसून घरी बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, कुस्ती पुन्हा लावली गेली आणि त्यांनी ती जिंकली. मग प्रश्न आला पैशांचा. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले.

हेलसिंकीत खाशाबांची जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ झुंज झाली. इशी पुढे सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. त्या दमछाक करणाऱ्या कुस्तीनंतर त्यांना लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मम्मदबेयोव याच्याशी लढावयास सांगण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो दाखवून भांडायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. ती कुस्ती खाशाबा हरले. तरीही कांस्यपदक त्यांच्या गळ्यात पडले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसरे मिळायला १९९६ साल उजाडावे लागले.

या कथेतील दोन गोष्टी मनात ठेवाव्यात, कारण पुढील सारे विवेचन त्यांच्याभोवती फिरणार आहे. एक प्राचार्य खर्डेकरांचे घर आणि दुसरी हेलसिंकीतला तो न मिळालेला अर्धा तास.

३. पराभवाचा अर्थ लावणे

घटना एकच असते, पण तिचा अर्थ प्रत्येक मन निराळा लावते. रिचर्ड लॅझारस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ताणासंबंधीच्या विचारात हा मुद्दा मध्यभागी आणला. त्याच्या मते ताण प्रसंगात नसून प्रसंगाच्या मूल्यमापनात असतो. समोरचा प्रसंग ‘धोका’ आहे की ‘आव्हान’ आहे आणि त्याला तोंड द्यायला माझ्यापाशी काय आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे मन क्षणार्धात देते. त्या उत्तरांवर छातीची धडधड उपयोगी पडणार की हातपाय गाळणार, हे ठरते. धडधड दोन्हीकडे असतेच. नामांकित मल्लालाही हलगी वाजू लागली की पोटात गोळा येतो; फरक एवढाच की तो त्या गोळ्याला तयारीचे लक्षण समजतो.

पराभवानंतरच्या अर्थाविषयी एक सुंदर प्रयोग मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केला. अमेरिकेतील बर्कले विद्यापीठाच्या जलतरणपटूंची त्यांनी आधी एक चाचणी घेतली. वाईट घटनांची कारणे ते स्वतःला कशी सांगतात, हे तिच्यातून कळत होते. नंतर प्रत्येकाला सर्व शक्तीनिशी पोहायला सांगण्यात आले आणि प्रशिक्षकाने त्याला मुद्दाम खोटी, म्हणजे प्रत्यक्षापेक्षा काही सेकंद अधिक वेळ सांगितली. थोड्या विश्रांतीनंतर त्यांना पुन्हा पोहायला लावले. ज्यांची कारणे सांगण्याची रीत निराशेची होती ते दुसऱ्या वेळी खरोखरच मंद पोहले. ज्यांची रीत आशेची होती त्यांचा वेग टिकून राहिला. दोघांनाही धक्का सारखाच बसला होता. मनात त्याची नोंद मात्र वेगवेगळी झाली.

या जलतरणपटूंमध्ये मॅट बियाँडी होता. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये त्याच्याकडून सात सुवर्णपदकांची अपेक्षा होती. पहिल्या शर्यतीत त्याला कांस्य मिळाले आणि दुसऱ्या शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागाने सुवर्ण हुकले. आता हा कोसळणार, असे अनेकांना वाटले. उरलेल्या पाचही शर्यतींत त्याने सुवर्णपदके जिंकली.

ही आशेची रीत म्हणजे नेमके काय? पराभवाचे कारण सांगताना मनुष्य कळत-नकळत तीन गोष्टी ठरवीत असतो : हे कारण कायमचे आहे की या वेळेपुरते; ते साऱ्या आयुष्याला लागू आहे की एवढ्याच गोष्टीला; आणि त्यात माझ्या हाती काही आहे की नाही. ‘माझ्या नशिबातच जिंकणे नाही’ हे वाक्य कायमचे आहे, सर्वव्यापी आहे आणि हाताबाहेरचे आहे. ‘शेवटच्या दोन मिनिटांत माझा दम गेला’ हे वाक्य तेवढेच खरे आणि तेवढेच बोचरे असले तरी त्यात उद्याच्या कामाचा पत्ता लिहिलेला असतो. दम वाढविता येतो.

येथे एक सावधगिरी हवी. ‘पंचाने हरविले’, ‘मैदानच खराब होते’ अशा सबबी म्हणजे आशावाद नव्हे. सबब आजचे दुःख हलके करते, पण उद्याचे कामही पुसून टाकते. पंचाची चूक असेल तर खाशाबांप्रमाणे रीतसर दाद मागावी आणि दुसरीकडे आपला हिशेब स्वच्छ मांडावा. स्वतःला शिव्या देणे आणि दुसऱ्याला शिव्या देणे ही एकाच आळसाची दोन रूपे आहेत. कारण शोधायला दोन्हीपेक्षा अधिक कष्ट पडतात.

४. ऐन वेळी हात का थिजतो?

सरावात दहापैकी नऊ वेळा साधणारी गोष्ट अंतिम सामन्यात का हुकते, हा प्रश्न प्रत्येक खेळाडूने स्वतःला विचारलेला असतो. भित्रेपणा हे त्याचे सोपे आणि बहुधा चुकीचे उत्तर आहे.

कौशल्य शिकताना आपण प्रत्येक पायरीकडे लक्ष देतो. सराव वाढतो तशा पायऱ्या जुळून एक अखंड क्रिया होते आणि ती लक्ष न देता घडू लागते. जिना उतरताना आपण पायांचा विचार करीत नाही. कोणी म्हणाले, ‘प्रत्येक पाऊल नीट पाहून टाक’, की तेथेच ठेच लागण्याचा संभव. दडपणाखाली खेळाडू स्वतःलाच ही आज्ञा देतो. चूक होऊ नये म्हणून तो अंगवळणी पडलेली क्रिया पुन्हा सुटी करून पाहू लागतो आणि ती विस्कटते. रॉय बाउमाइस्टर यांनी १९८४ साली हा विचार मांडला. पुढे शियान बाइलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल्फपटूंवर प्रयोग केले. अनुभवी खेळाडूंना आपल्या हाताच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितले की त्यांचा फटका बिघडत असे. नवशिक्यांना मात्र त्याच सूचनेचा फायदा होई. म्हणून सामन्याच्या आदल्या दिवशी तयार खेळाडूला तंत्राच्या दहा सूचना देणारा प्रशिक्षक त्याचे भले करीत नाही.

यावर उपाय दोन. पहिला म्हणजे ठरलेला क्रम. सर्व्हिसपूर्वी चेंडू तेवढ्याच वेळा आपटणे, श्वास सावकाश सोडणे, मनाशी एकच ठरलेला शब्द म्हणणे. यात अंधश्रद्धा नाही. मन भरकटण्याच्या जागी त्याला एक ओळखीची वाट दिली जाते आणि लांब उच्छ्वासाने हृदयाची गती खरोखर उतरते. दुसरा उपाय म्हणजे दडपणाचाच सराव. आपले वस्ताद जोडीतल्या पोराबरोबरच दमलेल्या पोरावर ताजा गडी सोडीत. त्यांनी मानसशास्त्र वाचले नव्हते, पण सोय आणि सराव यांतला फरक त्यांना ठाऊक होता.

नेमबाज अभिनव बिंद्रा यांची वाटचाल या दृष्टीने अभ्यासावी. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफल प्रकारात ते तिसऱ्या क्रमांकाने अंतिम फेरीत पोहोचले आणि तेथे सातवे आले. त्यांच्या उभे राहण्याच्या जागेची फरशी सैल होती, हे त्यांना नंतर कळले. येथे सबबीचा मोह किती मोठा होता पाहा! त्यांनी त्या फरशीचा धडा केला. यापुढे कोणतीही गैरसोय आपल्याला अनोळखी वाटू नये, म्हणून त्यांनी वेगवेगळ्या प्रकाशात सराव केला. बीजिंगच्या भव्य दालनाची सवय व्हावी म्हणून लग्नाचे सभागृह भाड्याने घेऊन तेथे नेम धरला. भीतीशी ओळख व्हावी म्हणून ते उंच खांबावर चढले. मधल्या काळात पाठीच्या दुखण्याने त्यांना गाठले. २००६ साली ते विश्वविजेते झाले. २००८ साली बीजिंगमध्ये शेवटच्या गोळीपूर्वी ते आणि फिनलंडचा हेन्री हॅकिनेन बरोबरीत होते. हॅकिनेनने ९.७ गुण मिळविले, बिंद्रांनी १०.८. एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण मिळतात, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या क्षणाची किंमत कळते. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्णपदक ठरले.

खाशाबांनंतर ७२ वर्षांनी, २०२४ साली, कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळविले. अंतिम फेरीतील पहिल्या दोन अवस्थांनंतर ते पाचवे होते. उभ्याने नेम धरण्याच्या तिसऱ्या, सर्वांत अवघड अवस्थेत ते तिसऱ्या स्थानावर आले. मागे पडल्यावर गुणफलकाकडे न पाहता पुढच्या गोळीकडे पाहणे, हे वर्षानुवर्षांच्या सवयीशिवाय साधत नाही.

५. एकट्याची उभारी नसते

आतापर्यंतचे विवेचन ऐकून असे वाटेल की उभारी ही खेळाडूच्या स्वतःच्या मनाची कमाई आहे. हे अर्धेच सत्य आहे.

एमी वर्नर या संशोधिकेने हवाई बेटांपैकी कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशके मागोवा घेतला. त्यांतील काही मुले दारिद्र्य, घरातील भांडणे, आईवडिलांचे आजार अशा अनेक संकटांत वाढली. तरी त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश मुले कर्तबगार आणि समंजस प्रौढ झाली. या मुलांत जे समान धागे आढळले, त्यांत एक ठळक होता : त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचे वडीलधारे माणूस होते. कधी आजी, कधी शेजारीण, कधी शिक्षक.

खेळाच्या क्षेत्रातही हेच दिसले. डेव्हिड फ्लेचर आणि मुस्तफा सरकार यांनी २०१२ साली बारा ऑलिंपिक विजेत्यांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. या विजेत्यांना तारणाऱ्या गोष्टींत अनुकूल स्वभाव, आंतरिक ओढ, एकाग्रता आणि आत्मविश्वास यांच्याबरोबर ‘आपल्या पाठीशी माणसे आहेत’ ही जाणीव होती. त्यांच्यातील अनेकांनी असेही सांगितले, की मोठे आघात पचविले नसते तर आपण त्या पदापर्यंत पोहोचलो नसतो. मात्र यातून ‘मुलांना आघात द्यावेत’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे पोहायला येणाऱ्याला दगड बांधून विहिरीत लोटण्यासारखे आहे. आघात पचतो तो आधार असला तर.

आता प्राचार्य खर्डेकरांच्या घराकडे वळू. सात हजार रुपयांनी प्रवासखर्च भागला, हे खरेच. पण एखाद्या प्राचार्याने आपल्या विद्यार्थ्यासाठी स्वतःचे छप्पर गहाण टाकावे, याचा अर्थ त्या तरुणाला काय वाटला असेल! सहाव्या क्रमांकावर आलेल्या माणसाला ‘तू पुन्हा जा’ असे सांगणारी ती कृती होती. आणि तो अर्धा तास? तेथे खाशाबांचे मनोबल कमी पडले नाही. तेथे एक माणूस कमी पडला. हातात नियमपुस्तक घेऊन उभा राहणारा एक व्यवस्थापक. त्याची उणीव जगातला सर्वांत चिवट मल्लही आपल्या मनाच्या ताकदीने भरून काढू शकला नसता.

माझ्या या व्याख्यानाचे सार विचाराल तर ते हेच आहे. उभारी खेळाडूच्या मनात दिसते, पण तिची बांधणी भोवतालची माणसे करतात. म्हणून एखादे मूल खचते तेव्हा ‘याचे मन कच्चे’ असे म्हणण्यापूर्वी त्याच्या बाजूने कोण उभे होते, हे पाहिले पाहिजे.

६. थांबण्याचेही धैर्य असते

मानसिक बळाच्या कल्पनेचा दुरुपयोगही होतो. गुडघा सुजलेल्या मुलाला ‘मन घट्ट कर’ म्हणून मैदानात उतरविले जाते. अपमान करणाऱ्या प्रशिक्षकाचे ‘त्याने पोरे कणखर होतात’ असे समर्थन होते. ही उभारी नव्हे. हा निगरगट्टपणाचा अभ्यासक्रम आहे.

अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने २०२१ साली टोकियोत सांघिक अंतिम स्पर्धेतून माघार घेतली. हवेत गिरकी घेताना आपले शरीर नेमके कोठे आहे याचे भान तिला राहिनासे झाले होते. त्या अवस्थेत खेळणे म्हणजे मान मोडण्याचा धोका पत्करणे होते. तिच्यावर टीका झाली. काही दिवसांनी ती बॅलन्स बीमवर उतरली आणि तिने कांस्यपदक मिळविले. २०२४ साली पॅरिसमध्ये तिने सांघिक, सर्वांगीण आणि व्हॉल्ट अशी तीन सुवर्णपदके जिंकली. तिचे थांबणे हा त्या उभारीचाच पहिला भाग होता, हे आज मागे वळून पाहता कळते. विजयानंतरही मन कोसळू शकते. सुवर्णपदकानंतर आपल्याला विलक्षण पोकळी जाणवली, हे बिंद्रांनी मोकळेपणाने सांगितले आहे. ज्याचे सारे आयुष्य एका ध्येयावर टेकलेले असते, त्याला ध्येय गाठल्यावर टेकायला जागा उरत नाही.

कधी कधी वाटच बदलावी लागते. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर मुक्त शैलीत ३७.३३ सेकंदांच्या जागतिक विक्रमासह त्यांनी सुवर्णपदक मिळविले. पॅरालिंपिकमधील भारताचे हे पहिले सुवर्ण. पेटकरांनी मुष्टियुद्धाची रिंग सोडली, खेळाडूपण सोडले नाही. उभारीला एकाच दाराचा हट्ट नसतो.

७. शाळेने आणि घराने काय करावे?

माझ्या परिचयातील एक चौदा वर्षांची मुलगी खो-खो उत्तम खेळत असे. एका स्पर्धेत अखेरच्या डावात तिने चुकीचा खो दिला आणि संघ हरला. वडील तिच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मैत्रिणी बोलल्या, पण टाकून. ती पुन्हा मैदानावर आली नाही. ती पुढे मोठी खेळाडू झाली असती की नाही, हा प्रश्नच नाही. चुकल्यावर माणसे पाठ फिरवितात, हा धडा ती चौदाव्या वर्षी शिकली, हे मला अधिक गंभीर वाटते. असे धडे परीक्षेत, नोकरीत, संसारात सोबत येतात. आपल्या गावोगावच्या शालेय स्पर्धांत दरवर्षी शेकडो मुले हरतात. त्यांतील फारच थोडी खेळाडू होतील, पण माणूस सर्वांनाच व्हायचे आहे.

म्हणून काही साध्या सूचना करतो. हरल्यानंतरच्या पहिल्या तासात कोणतेही विश्लेषण करू नये. पाणी द्यावे, पाठीवर हात ठेवावा आणि सर्वांनी एकत्र जेवावे. दुसऱ्या दिवशी तीन प्रश्न विचारावेत : काय चांगले झाले, काय निसटले, उद्या सरावात त्यातले काय घ्यायचे? उत्तरे खेळाडूने स्वतः वहीत लिहावीत. वर्षाअखेरीस ती वही वाचली की आपण कोठून कोठे आलो हे त्याला दिसते आणि आत्मविश्वासाला पुरावा मिळतो. पोकळ स्तुतीपेक्षा असा पुरावा अधिक टिकतो.

सरावात कधी गोंगाट, कधी उशीर, कधी चुकीचा निर्णय मुद्दाम आणावा. मात्र मुलांना विश्वासात घेऊन. स्पर्धेला जाणाऱ्या संघाबरोबर नियम जाणणारा एक शिक्षक अवश्य असावा. हेलसिंकीचा अर्धा तास आपल्या मुलांच्या वाट्याला येऊ नये. दुखापत झालेल्या मुलाला संघाबाहेर ठेवले तरी संघापासून तोडू नये. गुण मोजण्याचे, वेळ पाहण्याचे काम त्याला द्यावे. एखाद्या मुलाची झोप, भूक आणि हसणे पंधरवडाभर हरवलेले दिसले तर उपदेश थांबवून डॉक्टरांचा अथवा समुपदेशकाचा सल्ला घ्यावा. ताप आल्यावर आपण घेतोच ना?

पालकांना एकच विनंती. मूल मैदानावरून घरी येते तेव्हा ‘जिंकलास का?’ हा पहिला प्रश्न नसावा. ‘कसा झाला खेळ?’ एवढे विचारले तरी पुरे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात संपते. दुसऱ्याने संभाषण सुरू होते आणि त्या संभाषणात त्याची उभारी घडत असते.

माजी विद्यार्थ्यांसाठीही दोन शब्द. आपण देणग्या देता, चषक ठेवता. त्यांत एक चषक पुनरागमनासाठी ठेवता येईल : दुखापतीनंतर, अपयशानंतर, वर्षभर संघाबाहेर राहिल्यानंतर जो विद्यार्थी पुन्हा मैदानावर उतरला त्याच्यासाठी. त्याने सामना जिंकला की नाही, हे पाहू नये. प्रत्येकाला खर्डेकरांप्रमाणे घर गहाण ठेवण्याची गरज नाही, पण कोणा एका मुलाच्या बाजूने उभे राहणे आपल्यातील प्रत्येकाला शक्य आहे.

ज्या गुरुजींच्या नावाने आपण येथे जमलो आहोत, त्यांचे खरे स्मारक या शाळेच्या मैदानावरच होईल. हरून परतणाऱ्या मुलाला फाटकापाशी आपली वाट पाहत उभे असलेले कोणी दिसावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो.